पीएफओची बबल टेस्ट: आधी टीसीडी की टीईई?

तरुण वयात स्ट्रोक, ठोस कारण हाती लागत नाही, मग पीएफओचा (हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, जन्मानंतर न मिटलेल्या भोकाचा) संशय. बबल टेस्टमध्ये शिरेतून बारीक बुडबुडे सोडून ते उजवीकडून डावीकडे जातात का, ते पाहतात. आधी कानशिलावर प्रोब धरून टीसीडी (मेंदूतल्या धमन्यांची डॉप्लर तपासणी) करावी की थेट टीईई (घशातून प्रोब घालून हृदयाची सोनोग्राफी), असं नवे सहकारी विचारतात. मी दोन्ही करतो, पण माझा कल टीसीडीकडे आहे.

त्याचं मुख्य कारण व्हल्साल्व्हा, म्हणजे श्वास रोखून जोर लावणं. एरवी डाव्या कर्णिकेतला (वरच्या कप्प्यातला) दाब किंचित जास्त असल्याने पीएफओची झडप मिटलेली राहते. रुग्णाने जोर लावून सोडला की उजवीकडे रक्ताचा लोंढा येतो आणि झडप उघडते. तपासणीचं सगळं सार त्या दोन-चार ठोक्यांत असतं. टीईईत नेमकं तेच साधत नाही. घशात प्रोब, दातांत बाइट ब्लॉक, अंगावर गुंगी. ‘जोर लावा’ म्हटलं की बिचारा उबळ काढतो किंवा नुसता श्वास धरतो. पोट दाबून काही वेळा भागतं. पण मग आलेल्या निगेटिव्ह निकालावर माझा तरी विश्वास बसत नाही.

टीसीडीत रुग्ण पूर्ण जागा असतो, आधी तालीम करून घेता येते. 9 मिली सलाइन आणि 1 मिली हवा, शिवाय रुग्णाच्याच रक्ताचा एखादा थेंब, दोन सिरिंजमधून घुसळून कोपराच्या शिरेत द्यायचं. 5 सेकंदांनी जोर, तो 10 सेकंद टिकवायचा. जोर खरा लागला का, हे एमसीएची (मेंदूतल्या मधल्या धमनीची) लाट खाली बसते त्यावरून तिथल्या तिथे कळतं. नाही लागला तर पुन्हा. बुडबुडा आला की स्पीकरमधून ‘चिक्’ असा आवाज येतो आणि पडद्यावर उभी उजळ रेघ उमटते. शंट (उजवीकडून डावीकडे जाणारा प्रवाह) मोठा असेल तर रेघांचा पडदाच होतो, मोजायची सोय राहत नाही.

भोक कुठे आहे हे मात्र टीसीडी सांगत नाही. फुप्फुसातल्या एव्हीएममधूनही (धमनी-शिरांच्या थेट जोडणीतूनही) बुडबुडे मेंदूत पोहोचतात. काहींच्या, विशेषतः वयस्क स्त्रियांच्या, कानशिलाच्या हाडातून सिग्नलच मिळत नाही. आणि भोक बंद करणारं डिव्हाइस बसवायचं ठरलं तर पीएफओच्या बोगद्याची लांबी, सेप्टमचा (मधल्या पडद्याचा) फुगवटा, कडा हे सगळं टीईईच दाखवते.

म्हणून मी सहसा टीसीडीने सुरुवात करतो. पॉझिटिव्ह आली तर टीईई. विंडो (कानशिलाच्या हाडातून मिळणारा सिग्नल) चांगली, जोर चांगला आणि तरीही बुडबुडे नाहीत, तर निव्वळ शंट शोधायला रुग्णाच्या घशात नळी घालायला मी फारसा राजी नसतो.