कीबोर्डच्या पट्ट्यांसाठी पीटीएफई ग्रीस : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. ग्रीस उत्तम, ट्यूब भिकार. पाचातले चार तारे. पाचवा तारा ट्यूबच्या तोंडाने खाल्ला, त्याबद्दल पुढे सविस्तर भांडणार आहे.

हे गाण्याच्या कीबोर्डबद्दल आहे, कॉम्प्युटरच्या नाही. इंटरनेटवर ‘कीबोर्ड लुब्रिकंट’ शोधलं की गेमिंगवाली पोरं स्विच उघडून आत ब्रशने क्रायटॉक्स नावाचं ग्रीस फासताना दिसतात. ते ग्रीस वाईट नाही. पीएफपीई (फ्लोरिनवालं सिंथेटिक तेल) जातीचं आहे, जवळजवळ कुठल्याच प्लॅस्टिकला काही करत नाही. पण ते इवल्याशा डबीत मिळतं आणि भाव ऐकून मी टॅब बंद केला. माझा क्लास आहे, स्टुडिओ नाही.

मी घेतलं ते सिंथेटिक तेलाचं ग्रीस, ज्यात पीटीएफई आहे, म्हणजे नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. घट्टपणा एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) २. ८५ ग्रॅमची ट्यूब, हजाराच्या आतबाहेर. ब्रँड कुठलाही घ्या; लेबलवर बेस ऑइल पीएओ (हेही सिंथेटिक तेलच) किंवा नुसतं सिंथेटिक, आत पीटीएफई, आणि ‘प्लॅस्टिकसाठी चालतं’ असं स्पष्ट छापलेलं, एवढं बघा. नुसतं ‘मल्टिपर्पज’ वाचून घेऊ नका.

खरेदीमागचं कारण म्हणजे सर्व्हिस सेंटर. क्लासचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, त्यावर मुलांच्या पिढ्या ‘सारेगम’ शिकून गेल्यात. मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, कुईं करायला लागली, मग शेजारची पांढरी पाच दाबली की सावकाश वर यायची. सेंटरवाला म्हणाला, “मॅडम, अख्खा कीबेड बदलावा लागेल.” म्हणजे पट्ट्यांचा सगळा सांगाडा. आकडा कीबोर्डच्या निम्म्या किमतीचा. मी म्हटलं, अहो नुसतं ग्रीस लावून द्या ना. “आम्ही ग्रीस लावत नाही, पार्ट बदलतो.” यावर काउंटरवर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याआधी गल्लीतल्या एका मेकॅनिकने गंज सोडवायचा स्प्रे मारून दिला होता. फुकट, चहावर. आवाज लगेच बंद, मी खूश. काही आठवड्यांनी पांढऱ्या पाचच्या मागच्या टोकाला बारीक चीर दिसली. स्प्रेमुळेच गेली हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण या पट्ट्या एबीएस प्लॅस्टिकच्या असतात, आणि ताण पडणाऱ्या जागी अशा स्प्रेतला पेट्रोलियम द्रव मुरला की अशा प्लॅस्टिकला तडे जाऊ शकतात. पट्टीत सगळ्यात जास्त ताण कुठे? मागच्या बिजागरीवर.

ही बिजागरी नीट समजून घ्या, कारण सगळा खर्च तिथेच आहे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बऱ्याच कीबोर्डांत प्रत्येक पट्टी सुटी नसते. पांढरी एक, तीन, पाच, सात एका तुकड्यात ओतलेल्या असतात, दोन, चार, सहा दुसऱ्या तुकड्यात, आणि पाचही काळ्या तिसऱ्यात. मागे पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते, ती वाकते म्हणून दाबलेली पट्टी खाली जाते. एक तडकली की अख्खा तुकडा बदला. माझी पाच गेली म्हणून एक, तीन, सात म्हणजे सा, ग, नी यांनाही निवृत्ती. तुकडा ऑनलाइन मिळाला, तो बसवताना कीबोर्ड उघडलाच आहे तर वंगणाचा विषय एकदाचा मिटवू म्हटलं.

आणि मग सल्ले सुरू झाले. पालक, शेजारी, भजनी मंडळ, सगळ्यांकडे रामबाण उपाय. शिलाई मशीनचं तेल: पातळ, लावलं तिथे राहत नाही, ओघळून थेट सर्किटवर. खोबरेल तेल: साधारण २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डोंबिवलीच्या जानेवारीत सकाळच्या बॅचला पट्ट्या जड, शिवाय वर्षभरात खवट. व्हॅसलीन: पेट्रोलियमच, फक्त घट्ट. कॅरमची पावडर: दमट हवेत गोळे धरते. ग्रॅफाइट पावडर मात्र सगळ्यात धोकादायक, कारण ती वीज वाहून नेते आणि पट्ट्यांखालीच उघडं सर्किट असतं. “पण कुलपाला चालते की!” कुलपाला सर्किट नसतं, काका.

सिलिकॉन ग्रीसवर मी बराच काळ अडकले होते. लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने पहिल्या फटक्यात तेच काढून दिलं, “ताई, प्लॅस्टिकला हेच चालतं.” त्याचं चूक नाही, एबीएसला चालतं. पण पट्टीखाली जे रबर असतं, ज्याच्या तळाला काळे कार्बनचे ठिपके असतात, तेही सहसा सिलिकॉनचंच. सिलिकॉन तेल सिलिकॉन रबरात मुरून त्याला फुगवतं. शिवाय ते सरपटत पसरतं, आणि कार्बनवर त्याचा पातळ थर बसला तर वीज अडते. प्रत्येक पट्टीखाली दोन ठिपके असतात, एक क्षणभर आधी टेकतो, दुसरा नंतर. दोघांमधल्या वेळेवरून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही हळू दाबलंत की जोरात. त्यातला एक जरी तेलकट झाला तर सूर एक तर लागतच नाही, नाही तर अचानक केकाटतो. सिलिकॉनची ट्यूब दुकानातच सोडली.

पीटीएफईवाल्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. तडकलेला जुना तुकडा टाकला नव्हता (मी काहीच टाकत नाही, घरच्यांची ती कायमची तक्रार आहे). त्याची एक पट्टी वाकवून कपड्यांच्या चिमट्यात अडकवली, वाकलेल्या जागी ग्रीस चोपडलं आणि गॅलरीत ठेवून दिली. दुसऱ्या पट्टीला तसंच वाकवून गंजाचा स्प्रे मारला. स्प्रेवालीवर पांढुरक्या रेघा उमटल्या, ग्रीसवाली जशीच्या तशी. प्रयोगशाळेची चाचणी नाही ही, पण एवढ्यावर मी ट्यूब वापरायला घेतली.

लावायची जागा एकच: पट्टीच्या पुढच्या टोकाखाली जिथे खालचा प्लॅस्टिकचा खुंट खाचेत शिरतो. मूळ ग्रीसही तिथेच असतं, वाळून पिवळं झालेलं, धूळ-केस धरलेलं. ते आधी इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. मग टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढं ग्रीस, खुंटाच्या दोन्ही बाजूंना. बिजागरीला नाही. रबराला तर अजिबात नाही. रबर आधी काढून डब्यात झाकून ठेवा. स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवून जुनी आटी सापडू द्या आणि मगच आवळा, नाही तर प्लॅस्टिकमध्ये नवी आटी पडते आणि पुढच्या वेळी स्क्रू धरत नाही.

मार्चमध्ये लावलं तेव्हा पाच तारे द्यायला तयार होते. कुईं गेली, पट्ट्या लोण्यासारख्या नाही पण व्यवस्थित परत येतात. क्लासमधली एक मुलगी म्हणाली, “ताई, नवीन घेतला?” सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवावासा वाटला.

मे महिन्यात मत फिरलं. काळ्या पट्ट्यांना थोडं राहिलं होतं म्हणून ट्यूब उघडली, तर दाबायच्या आधीच तोंडातून स्वच्छ, पातळ तेल गळलं. टोपणात तेल, आट्यांवर तेल, कपाटाच्या कागदावर डाग. ग्रीस म्हणजे साबणासारख्या जाळीत धरलेलं तेल. उष्णतेने आणि दाबाने ते थोडं सुटतंच, हे मला मान्य. पण मग तोंड इतकं रुंद कशाला? ज्या कामाला टूथपिकच्या टोकाएवढं लागतं त्याला टूथपेस्टचं तोंड! बारीक नळी द्यायला कितीसा खर्च येतो? आणि हे सुटलेलं तेल कीबोर्डच्या आतही असंच सुटत असेल तर माझ्या रबराचं काय, या विचाराने झोप उडाली. ग्रीसचा ठिपका वर्तमानपत्रावर ठेवून पाहिला, भोवती तेलाचं वर्तुळ पसरत गेलं. तेव्हा तीन तारे लिहून ठेवले होते.

गणपतीत आरत्यांना कीबोर्ड मंडळाच्या मांडवात, दमट हवेत आणि गुलालात होता. तिथून आल्यावर उघडलाच. खुंटांवर ग्रीस जागच्या जागी, पांढरंच, बाजूला तेलाचा ओघळ नाही, रबर कोरडं. कागद तेल शोषून घेतो, प्लॅस्टिक तसं शोषत नाही, त्यामुळे वर्तमानपत्राने ग्रीसला जरा जास्तच झोडपलं होतं. एक तारा परत. ट्यूबला मात्र माफी नाही. आता ती टोपण वर करून, सावलीत ठेवते, वापरण्याआधी बाहेरून मळून घेते, आणि पहिला थेंब कागदावर पुसून मगच टूथपिक टेकवते. सुई नसलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये थोडं भरून ठेवलं तर सगळ्यात सोयीचं. केमिस्टकडे दहा रुपयांत येते. हे काम कंपनीने करायला हवं होतं.

८५ ग्रॅमपैकी कीबोर्डला लागलं ते चिमूटभर. उरलेलं खिडकीच्या सरकत्या काचेला, ड्रॉवरच्या चॅनेलला आणि बहिणीच्या मिक्सरच्या झाकणाच्या रबराला सोडून इतर सगळीकडे लावून झालंय. पेटीवाल्यांनी उत्साहाने धावू नये. हार्मोनियमची पट्टी लाकडाची, ती पावसाळ्यात फुगून अडकते. तिथे ग्रीस धूळच धरेल.

आणि एक आवाज याने जात नाही. पट्टी खाली आदळताना किंवा परत येताना जो ‘टक्’ होतो, तो घर्षणाचा नसतो. आत फेल्टची (जाड, मऊ कापडाची) लांब पट्टी असते, ती दबून पातळ झाली की प्लॅस्टिक प्लॅस्टिकवर आपटतं. वरच्या सप्तकात माझा तो टक् अजून आहे. फेल्ट बदलावं लागेल, फक्त मूळच्याच जाडीचं हवं. जाड घातलं तर पट्टी पुरती खाली जात नाही आणि दुसरा ठिपका टेकत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बघते.