चार चाकं, तीन ब्रेक

बाबांची मारुती ८०० आहे, २००४ची, एमएच-११ पासिंगची. बाबा गेल्यावर भाऊ म्हणाला, काढून टाक. पण जुन्या गाड्या घेणाऱ्याने जो आकडा सांगितला, त्यात धड एक फ्रिज आला नसता. मग मीच ती वाईहून पुण्याला आणली आणि चालवायला लागले. ८००चं उत्पादन २०१४मध्येच बंद झालं, तरी तिचे पार्ट अजून मिळतात आणि स्वस्तही आहेत. पुढे जे घडलं त्यात गाडीचा दोष काडीचाही नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

मे २०२४. सकाळी ऑफिसला निघाले तर डाव्या मागच्या चाकाखाली पापडाएवढा ओला डाग. टायरच्या आतल्या बाजूने ओघळ आलेला. गाडी सुरू केली तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा जाईना. आधी वाटलं हँडब्रेक राहिला असेल. तो खाली होता. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीत तेल खालच्या रेघेच्याही खाली.

इथेच जरा थांबते, कारण मला हे तेव्हा कळत असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं खर्च होत नाही. ब्रेक पॅड झिजतात तशी पातळी थोडी खाली येते, तीही महिनोन्महिन्यांत. आठवड्यात पातळी उतरली तर तेल कुठेतरी बाहेर जातंय, आणि कुठून जातंय ते बहुतेक वेळा ओल्या जागेवरूनच कळतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर त्या चाकापाशी. ८००ला मागे ड्रम असतात आणि ड्रमच्या आत व्हील सिलिंडर, तेलाच्या दाबाने त्या चाकाचा ब्रेक लावणारा. त्यातली रबरं म्हातारी झाली की तेल झिरपतं. पायाशी, पॅडलच्या वर ओल असेल किंवा बूस्टरच्या, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी ओघळ असेल तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्यायचा. पॅडल दाबलं की चारही चाकांकडे तेल ढकलतो तो हा. बाहेर कुठेच ओल नाही, डबीतली पातळी जागच्या जागी, पण पॅडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, तरीही मास्टर सिलिंडरच, फक्त बिघाड आत. माझ्या गाडीचं चाक ओलं होतं. म्हणजे चाकच मला सांगत होतं, मी ऐकलं नाही.

घराजवळच्या गॅरेजमध्ये जेमतेम पोचले. मालकाने चाकाकडे बघितलंसुद्धा नाही. बॉनेट उघडून डबीवर टिचकी मारली.

"मॅडम, मास्टर सिलिंडर गेलाय. लाल दिवा लागला म्हणजे मास्टरच."

"पण तेल तर मागच्या चाकाखाली होतं."

"प्रेशर मागे मारतं ना. साहेबांना फोन लावा, मी समजावतो त्यांना."

साहेब म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. घरात गाडी मीच चालवते, मीच पैसे भरते. पण त्या एका वाक्याने मी गप्प झाले, हे कबूल करते. एका कंपनीत दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणं हेच माझं काम, आणि स्वतःच्या बिलापाशी माझी मान खाली. ही विद्या त्या लोकांकडे असते. माणूस कुठे ओशाळतो ते त्यांना बरोब्बर दिसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. मास्टर सिलिंडर नवा, बूस्टर रिपेअर, पुढच्या चाकांची किट, एक लिटर ब्रेक ऑइल, मजुरी, एकूण ९,४०० रुपये. साध्या कागदाच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेलं, वर दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर तर दूरच. यूपीआयने पैसे दिले ते एका माणसाच्या खात्यावर. मी 'जुना पार्ट दाखवा' म्हटलं, एवढं शहाणपण होतं. पोराने लगेच वर्तमानपत्रात गुंडाळलेला, ग्रीसने माखलेला एक सिलिंडर आणून हातात दिला. बॉनेटखाली बोट दाखवलं, तिथे चकचकीत चंदेरी नवा सिलिंडर. मी जुना पार्ट डिकीत टाकला आणि विसरून गेले.

आणि गळती खरंच थांबली. एक थेंब नाही. डबीत तेल काठोकाठ, दिवा बंद. मी खूश. दोघींना तर त्या गॅरेजचा पत्तापण दिला, त्यांची माफी नंतर मागितली.

एकच झालं, ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडे ओढायला लागली. गॅरेजला फोन केला तर म्हणाला, अलाइनमेंट करून घ्या. दुसरीकडे जाऊन ६०० रुपये घालून तेही केलं. ओढणं तसंच. पण चढावर हँडब्रेक ओढला की गाडी थांबायची, म्हणून मागचे ब्रेक ठीक असणार असं मी समजत होते. हँडब्रेक तारेवर चालतो, त्याला तेलाशी देणंघेणं नाही, हे कुठे माहीत होतं!

ऑगस्टमध्ये आईला घेऊन वाईला गेले. तिथून तिला पाचगणीला मावशीकडे जायचं होतं. जाताना काही नाही. येताना पसरणी घाटात भुरभुर पाऊस, रस्ता निसरडा, समोर एसटी. वळणावर ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग असा सरकला की आई मागच्या सीटवर या टोकाची त्या टोकाला गेली. दुसरा गिअर होता, वेग कमी होता, म्हणून कठड्याच्या अलीकडे सावरलं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझे बाबा असे ब्रेक मारत नव्हते." मी काय उत्तर देणार.

दुसऱ्या दिवशी गाडी बाबांच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. टपरीवजा गॅरेज, वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याला एका बाजूने दोरी. त्यांनी काही न विचारता आधी जॅक लावून चारही चाकं एकेक करून फिरवून बघितली. मग पोराला आत पॅडलवर बसवलं आणि स्वतः मागच्या डाव्या चाकापाशी पाना घेऊन बसले. "मार, मार, मार... धर!" पोराने पॅडल दाबून धरलं, काकांनी हवा काढायचं निप्पल सैल केलं. एरवी तिथून तेलाची चिळकांडी उडते. उडाली नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. उजव्या चाकाला उडाली, पुढच्या दोन्हींना उडाली.

"पोरी, ह्या चाकाला तेलच येत न्हाई."

मला वाटलं पाइप तुंबला असेल. काकांनी चाकामागचा पाइपचा नट सोडवला, बोटाने आत चाचपलं आणि टाचणीने काहीतरी टोकरून काढलं. चिंधीवर पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. सायकलच्या पॅडलमध्ये असतो तसला लोखंडी छर्रा. ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, पिवळसर तेलाने ओला.

गळती अशी थांबवली होती. चाकाकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडात छर्रा बसवून वर नट आवळून टाकलेला. तेल चाकापर्यंत पोचतच नाही, मग गळणार कुठून? ड्रम उघडला तर आत तोच जुना व्हील सिलिंडर, गंजून अडकलेला, रबरं फाटलेली. ब्रेक लायनिंग, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर, मे महिन्यातल्या तेलाने भिजून काळी पडलेली. तीन महिने मी तीन ब्रेकांवर पुणे फिरत होते, मागच्या सीटवर कधी आई, कधी शेजाऱ्यांची पोरं.

"आणि मास्टर सिलिंडर?" मी विचारलं. "तो तरी नवा आहे ना?"

काका बॉनेटपाशी गेले, वाकले, आणि हसले. त्या चंदेरी सिलिंडरवर डबीच्या खालच्या बाजूला रंगाला फोड आले होते. नखाने खरवडलं तर रंगाचं साल निघालं आणि खाली वीस वर्षांचा तपकिरी गंज. ब्रेक ऑइल रंग खातं. गाडीच्या बॉडीवर सांडलं तरी लगेच पाण्याने धुवावं लागतं ते त्यामुळेच. त्या लोकांनी जुन्याच सिलिंडरवर स्प्रे मारला, मग तेल भरताना चार थेंब सांडले, आणि त्या चार थेंबांनी तीन महिन्यांत त्यांचं बिंग फोडलं. नट तर हललेलेसुद्धा नव्हते, कडांवरचा जुना गंज अखंड होता. मग मला डिकीतला वर्तमानपत्रातला पार्ट आठवला. काकांनी तो सिलिंडरशेजारी धरला. बोल्टची भोकंच जुळेनात. "हा कुठल्यातरी जीपचा हाय. येकच पार्ट धा गिऱ्हाइकांना दावत असतील. तू घरी घिऊन आलीस, त्यांची पंचाइत झाली आसंल."

काकांचं बिल २,३५० रुपये. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर, दोन्ही चाकांच्या ब्रेक शूंचा (लायनिंग ज्यावर बसते त्यांचा) संच, कारण तेलाने भिजलेली लायनिंग धुऊन पुन्हा वापरायची नसते आणि एकाच बाजूची नवी घातली तर गाडी परत ओढते. शिवाय अर्धा लिटर डॉट-३ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडून. उघडी बाटली ते वापरत नाहीत, कारण हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलेलं तेल घाटात तापलं की लवकर उकळतं. आपण सगळे त्याला 'ऑइल' म्हणतो तेवढ्याने फसतो, असंही ते म्हणाले. ते खनिज तेल नव्हेच. कुणी डबीत चुकून इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं तेल ओतलं तर सगळी रबरं फुगून वाया जातात. डाग कशाचा आहे याची शंका आली तर ग्लासभर पाण्यात थोडं टाकून बघायचं. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, इंजिन ऑइल वर तरंगतं.

पुण्याला येऊन त्या गॅरेजमध्ये गेले. छर्रा टेबलावर ठेवला. मालकाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं जसं काही मी दातात अडकलेलं काहीतरी दाखवतेय.

"ती टेम्पररी सोय होती मॅडम. पोराने सांगितलं नाही का?"

"टेम्पररी सोयीचे ९,४०० रुपये?"

"बिल आहे का?"

यासाठीच चिठ्ठी होती ती. पण यूपीआयची नोंद होती, गाडी न्यायला येण्याबद्दलचे व्हॉट्सॲप मेसेज होते, आणि वाईला काकांच्या पोराने पाइपमधून छर्रा निघतानाचा व्हिडिओ काढला होता. तो माझ्या सांगण्यावरून नव्हे, त्याला गंमत वाटली म्हणून. घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील असलाच पाहिजे असं नाही, मुदत दोन वर्षं. मी तक्रारीचा मसुदा लिहिला, बिलं तपासणारीचा मसुदा तो, प्रत्येक बाबीपुढे रक्कम, आणि एक प्रत नोटीस म्हणून रजिस्टर पोस्टाने गॅरेजला पाठवली. दहाव्या दिवशी फोन आला. "मॅडम, वाद नको." खात्यावर ६,००० रुपये आले. उरलेल्यांसाठी भांडायला हवं होतं असं नवरा अजून म्हणतो, आणि त्याचं बरोबर असेल. पण ऑक्टोबरमध्ये गाडीचं रीपासिंग होतं, त्याचे ५,००० वेगळे, आणि माझ्यात तेव्हा तेवढंच बळ होतं.

मैत्रिणीने परवा तिच्या गाडीचं असंच एस्टिमेट पाठवलं म्हणून हे सगळं लिहिलं. तिला म्हटलं, पैशांचं नंतर बघू, आधी त्याला चाक उघडायला लाव आणि तू तिथे उभी राहा. काम झाल्यावर चारही निप्पलांतून तेल उडताना बघ. दहा मिनिटं लागतात. जो दाखवायला तयार नाही त्याच्याकडून गाडी तशीच टो करून आण.

आईने तो छर्रा देवघराच्या ड्रॉवरमध्ये, सुट्या नाण्यांत टाकलाय. पाचगणीला जायचं म्हटलं की गाडीत बसण्याआधी ती अजून विचारते, "चारही चाकांना आहेत ना गं?"