बीन्स उदंड, दुधाची वानवा: यॉर्कशायरमधील एका फूड बँकेचा अनुभव

आमच्या गावातील फूड बँक, म्हणजे अडचणीत असलेल्यांना मोफत शिधा देणारे केंद्र, एका चर्चच्या मागील सभागृहात भरते. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी अकरा ते दुपारी एक, एवढीच तिची वेळ. गेली चार वर्षे मी तिची देणगीदार आहे आणि नोकरीचे दिवस कमी केल्यापासून, म्हणजे दोन वर्षांपासून, दर मंगळवारी तेथील कोठारात काम करते. दुकानाविषयी किंवा उपाहारगृहाविषयी अभिप्राय लिहिताना आपण गिऱ्हाईक या नात्याने लिहितो. येथे मी गिऱ्हाईक नाही, त्यामुळे दारातून व्हाउचर, म्हणजे शिधा मिळण्यासाठीची चिठ्ठी, घेऊन येणाऱ्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही. मात्र माल आत कसा येतो, कोणाच्या हातांतून जातो आणि कोठे अडतो, हे मी जवळून पाहिले आहे. इंग्लंडमध्ये राहणारी अनेक मराठी मंडळी सुपरमार्केटच्या दाराशी फूड बँकेसाठी ठेवलेल्या क्रेटमध्ये काय टाकावे, टाकावे की नाही, अशा संभ्रमात असतात. हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

ही फूड बँक ट्रसेल या संस्थेच्या जाळ्यातील आहे. तिचे संस्थापक पॅडी आणि कॅरोल हेंडरसन हे दांपत्य बल्गेरियातील निराधार मुलांसाठी मदत गोळा करत होते. आपली मुले आज उपाशी झोपणार आहेत, असा इंग्लंडमधील सॉल्झबरी या त्यांच्याच शहरातील एका आईचा दूरध्वनी त्यांना आला आणि २००० साली त्यांनी स्वतःच्या बागेतील शेडमध्ये व गॅरेजमध्ये शिधा साठवायला सुरुवात केली. त्या शेडचा विस्तार किती झाला याची कल्पना एका आकड्यावरून यावी: २०२३-२४ या वर्षात या जाळ्यातील फूड बँकांनी सुमारे ३१ लाख पार्सले दिली आणि त्यांतील दहा लाखांहून अधिक मुलांसाठी होती. या जाळ्याबाहेरच्या स्वतंत्र फूड बँकाही अकराशेहून अधिक आहेत. ट्रसेल मार्गदर्शन करते, पण प्रत्येक गावातील फूड बँक तेथील लोकांनीच चालवायची असते. आमच्याकडे पगारी माणूस एकच आहे आणि तोही अर्धवेळ.

आता मालाविषयी. सुपरमार्केट, शाळा, चर्च आणि ग्रंथालय येथे ठेवलेले क्रेट आमचा चालक मंगळवारी गोळा करतो. कोठारात आल्यावर प्रत्येक क्रेट आधी वजनकाट्यावर चढतो, कारण किती किलो आत आले आणि किती बाहेर गेले याचा हिशेब ठेवावाच लागतो. मग प्रत्येक डबा हातात घेऊन त्यावरील तारीख शोधायची, जाड पेनाने ठळक लिहायची आणि त्या त्या महिन्याच्या फळीवर ठेवायची. ऐकायला हे सोपे वाटते. परंतु तारीख कधी बुडाला, कधी झाकणाच्या कडेला, तर कधी पारदर्शक वेष्टनाच्या घडीत छापलेली असते, आणि साठीपुढच्या डोळ्यांनी ती वाचणे ही एक स्वतंत्र कला आहे. तारीख उलटलेले, फुगलेले आणि उघडलेले डबे बाजूला काढावे लागतात. कोणीतरी स्वतःच्या स्वयंपाकघराची साफसफाई करताना २०१६ सालचा टिन आमच्याकडे पाठवतो, तेव्हा त्या दात्याला प्रत्यक्ष भेटावे असे मला फार वाटते.

लोक जे देतात आणि लोकांना जे लागते, यांत कायम अंतर असते. त्या अंतरावर पूल बांधणे हेच या कोठाराचे खरे काम आहे, असे माझे मत झाले आहे. बेक्ड बीन्स आणि पास्ता हे स्वस्त व लक्षात राहणारे पदार्थ असल्याने प्रत्येकाचा हात त्यांच्याकडेच जातो. याउलट टिकाऊ दूध, फळांचा रस, टिनातले बटाटे, शाम्पू आणि लहान मुलांचे मोठ्या मापाचे लंगोट (नॅपी) यांची फळी सतत रिकामी असते. काळाचे गणितही असेच चुकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा व चर्च सुगीचा सण साजरा करतात तेव्हा आणि पुढे डिसेंबरमध्ये माल इतका येतो की जिन्याखालीही क्रेट रचावे लागतात. फेब्रुवारी उजाडला की दुधाची फळी पुन्हा मोकळी. गरज मात्र सणवार पाहून येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी साहाय्यासाठी नव्याने अर्ज करणाऱ्याला पहिला हप्ता मिळण्यास सुमारे पाच आठवडे लागतात, मधल्या काळात मिळणारी उचल पुढील हप्त्यांतून कापली जाते, आणि हा पाच आठवड्यांचा खड्डा जूनमध्येही तेवढाच खोल असतो.

मराठी दात्यांविषयी थोडे स्पष्ट लिहिते, कारण मीही तीच चूक केली होती. सुरुवातीला मी मोठ्या हौसेने पाच किलोंची तूरडाळ आणि दहा किलोंचे तांदूळ नेऊन दिले. घटकांची व तारखेची मूळ छपाई वेष्टनावरच असल्याने मोठी पिशवी फोडून लहान पुड्या करून देता येत नाहीत. शिवाय येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी आगाऊ पैसे भरून चालवायचे वीज-गॅसचे मीटर असतात. ज्याच्या मीटरमध्ये दोन पौंड शिल्लक आहेत त्याने तासभर डाळ शिजवावी ही अपेक्षाच चुकीची. ज्यांच्याकडे केवळ पाण्याची किटली आहे, त्यांच्यासाठी वेगळे पार्सल बांधतात आणि त्यात गरम पाणी ओतून खाता येईल एवढेच पदार्थ असतात. म्हणून डाळीऐवजी शिजवलेल्या छोल्यांचे टिन आणि तांदळाच्या एक-एक किलोच्या पिशव्या द्याव्यात. माझी ती तूरडाळ अखेर गावातील गुरुद्वाराच्या लंगरात गेली आणि तेथे ती एका दिवसात संपली.

स्वयंसेवकांची संख्या कागदावर चाळीसच्या घरात आहे. मंगळवारी प्रत्यक्ष दिसतात आठ किंवा नऊ. निवृत्त बसचालक, माजी शाळामुख्याध्यापिका, पूर्वी स्वतः पार्सल घेऊन गेलेला एक तरुण आणि मी, हा आमचा नेहमीचा गट. कामाच्या वेळी मोकळे असणारे लोक बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात आणि भरलेला क्रेट पंधरा किलोंचा असतो, ही या व्यवस्थेची सर्वांत नाजूक बाजू आहे. मोठ्या कंपन्या वर्षातून एकदा वीस-पंचवीस कर्मचाऱ्यांचा जथा पाठवतात. त्यांचा उत्साह खरा असतो आणि डिसेंबरचे ढीग उपसायला त्यांचा उपयोगही होतो; पण त्यांना काम समजावून सांगण्यात सकाळ जाते आणि पुढच्या मंगळवारी व्हॅन चालवायला पुन्हा तोच बसचालक लागतो. कंबर धरल्यामुळे तो मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे येऊ शकला नाही, तेव्हा दोन सुपरमार्केटांतील क्रेट ओसंडून वाहत होते आणि आमच्या फळ्या मोकळ्या होत्या. वर्षातून एक दिवस येणाऱ्या पंचवीस जणांपेक्षा दर आठवड्याला दोन तास देणारा एक माणूस मला अधिक मोलाचा वाटतो.

सभागृहातील वागणुकीला मी पूर्ण गुण देईन. आलेल्या व्यक्तीला रांगेत उभे करत नाहीत. टेबलाशी बसवून चहा-बिस्किटे देतात, काय खात नाही, घरी शेगडी आहे का, लहान मूल आहे का हे विचारतात आणि मग आतमध्ये पार्सल बांधले जाते. कर्ज, घरभाडे किंवा सरकारी अर्जांविषयी सल्ला देणारी व्यक्ती त्याच खोलीत बसलेली असते. पार्सलात किमान तीन दिवसांचा समतोल शिधा असतो. व्हाउचर मात्र डॉक्टर, शाळा, समाजसेवक किंवा नागरिक सल्ला केंद्र यांच्याकडून आणावे लागते, आणि येथे माझे मराठी मन अडखळते. अक्कलकोटच्या अन्नछत्रात पंगतीला बसणाऱ्याला कोणी कागद मागत नाही. माधुकरी मागून आणि वार लावून शिकलेल्यांच्या गोष्टी ऐकत आमची पिढी वाढली, त्यामुळे उपाशी माणसाला आधी दुसऱ्या कार्यालयात पाठवणे मला प्रथम क्रूर वाटले होते. दोन वर्षांनंतर त्यामागचे कारण समजते: व्हाउचर देणाऱ्यामुळे मूळ अडचणीकडे कोणाचे तरी लक्ष जाते, आणि मर्यादित साठा किती पुरवायचा याचा अंदाजही येतो. तरीही शुक्रवारी दुपारी एकनंतर पैसे संपलेल्या माणसाने मंगळवारपर्यंत काय करावे, याचे उत्तर आमच्या फूड बँकेकडे नाही, आणि संध्याकाळची एकही वेळ नसल्यामुळे दिवसपाळीत काम करणाऱ्यांची पंचाईत होते.

आणखी दोन उणिवा नोंदवते. शाकाहारी पार्सलाची मांडणी वेगळी केलेली नसल्यामुळे प्राण्यांपासून बनणारे जिलेटिन घातलेली जेली त्यात अनेकदा जाते. हे सांगितल्यावर आता निदान हिरवी चिकटपट्टी लावलेली एक फळी झाली आहे. दुसरे म्हणजे संकेतस्थळावरील ‘सध्या हवे आहे’ ही यादी महिनामहिना बदलली जात नाही. देण्यापूर्वी दूरध्वनी करावा, हे अधिक खात्रीचे.

मागील वर्षी एक मराठी विद्यार्थिनी दारापाशी घुटमळताना दिसली. मला पाहून तिने हळूच विचारले, “काकू, इथे नाव लिहिलं तर व्हिसाला काही होईल का?” सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही, अशी अट विद्यार्थ्यांच्या व्हिसावर असते आणि अनेकजण त्या भीतीने उपाशी राहतात. फूड बँकेचे पार्सल हा त्या अर्थाने सार्वजनिक निधी नव्हे. तिच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाने त्याच दिवशी व्हाउचर दिले. ही माहिती आपल्या मंडळांच्या गणेशोत्सवात फलकावर लावायला हरकत नाही.

वस्तू द्याव्यात की पैसे, असे मला वारंवार विचारले जाते. जमल्यास दरमहा थोडे पैसे द्यावेत, कारण ज्या आठवड्यात दूध संपते त्या आठवड्यात ते विकत आणावे लागते, आणि व्हॅनचे इंधन कोणी क्रेटमध्ये टाकत नाही. इंग्लंडमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्याने गिफ्ट एडच्या अर्जावर सही केली, तर त्याच्या दहा पौंडांवर सरकारकडून अडीच पौंडांची भर पडते. मुलांना घेऊन दुकानात जाऊन निवडलेल्या वस्तू देण्यातील समाधान वेगळे आहे हे मान्य. ते घ्यावे, पण फेब्रुवारीत घ्यावे.

गेल्या मंगळवारी कोठारातील फळ्यावर टिकाऊ दूध, टिनातले बटाटे, फळांचा रस आणि शाम्पू एवढेच लिहिले होते. त्याखाली कोणीतरी ‘बीन्स नकोत’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले होते. दुपारी बसचालकाने व्हॅनमधून पहिला क्रेट उतरवला, आम्ही तो काट्यावर ठेवला, आणि त्यात बीन्सचे एकोणतीस टिन निघाले.