लॉटरीशिवाय म्हाडाचं घर : आमचे सव्वासहा लाख कसे गेले

'लॉटरीत नंबर लागायची वाट कशाला बघता, कोट्यातून म्हाडाचं घर काढून देतो,' असं सांगणारा कुणी तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाला भेटला असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझी मोठी बहीण, भाऊजी आणि मी, आम्ही तिघांनी मिळून अशा एका माणसाला सव्वासहा लाख रुपये दिले. त्यात दीड लाख माझ्या पीएफचे होते. प्रकरण पोलिसांत असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही. पण तो काय बोलला, त्याने काय दाखवलं आणि कोणते कागद हातात दिले, ते सगळं लिहिते.

ताई आणि भाऊजी नालासोपाऱ्यात भाड्याने राहतात. दर अकरा महिन्यांनी नवा करार, वाढलेलं भाडं, वर एजंटची दलाली. मालकाला खोली विकायची असली की महिन्याभरात सामान उचलायचं. म्हाडाच्या सोडतीत त्यांनी रीतसर अर्ज केले होते. नंबर लागला नाही आणि अनामत रक्कम दर वेळी त्यांच्याच खात्यात परत आली. हे मुद्दाम सांगते आहे, कारण आमचं ऐकून घेतल्यावर बरेच जण 'लोभ नडला' म्हणाले. मला ते मान्य नाही. चारशे चौरस फुटांचं घर, तेही पूर्ण किंमत भरून, मागण्यात कसला लोभ?

तो माणूस भाऊजींच्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्यामार्फत आला. त्या सहकाऱ्याने स्वतःही पैसे भरले होते आणि त्यालाही घराची आशा होती. पुढे चौकीत कळलं की जवळपास सगळ्यांना तो असाच भेटला होता, ओळखीच्या आणि प्रामाणिक माणसाच्या तोंडून. जाहिरात कधीच नाही, कुठे पाटी नाही.

त्याच्या बोलण्यात खोटं फार थोडं होतं. म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिते आहे. मुंबई महानगर प्रदेशात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, हे तो घडाघडा सांगायचा आणि ते बरोबर आहे. काही विजेत्यांना कर्ज मिळत नाही, ते घर नाकारतात, असं तो म्हणाला. तेही खरं. पण नाकारलेलं घर प्रतीक्षा यादीवरच्या अर्जदाराला जातं, नाहीतर पुन्हा सोडतीत येतं. ते कुणाच्या खिशात पडत नाही, एवढंच तो गाळायचा. विरार-बोळींजसारख्या ठिकाणी न विकली गेलेली घरं म्हाडाने 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' या योजनेत सोडतीशिवाय दिली आहेत. हे तर वर्तमानपत्रात छापून आलेलं होतं आणि कात्रण त्याच्या मोबाइलमध्ये होतं. पण त्या योजनेतही अर्ज आपण स्वतः म्हाडाच्या संकेतस्थळावर करायचा असतो, पैसे म्हाडालाच भरायचे असतात आणि मधल्या माणसाला तिथे काही कामच नसतं.

'आमदार कोटा' हा त्याचा हुकमी शब्द. भाऊजींनी विचारलं, असा कोटा कुठे लिहिलाय? त्याने लगेच सोडतीची खरी जाहिरात उघडली आणि आरक्षणाच्या तक्त्यात आजी-माजी लोकप्रतिनिधींचा प्रवर्ग दाखवला. तो तिथे खरोखरच आहे. पत्रकार, कलाकार, माजी सैनिक, सरकारी कर्मचारी यांच्यासाठी असतो तसाच. मात्र तो लोकप्रतिनिधींनी स्वतःसाठी अर्ज करण्याकरता आहे आणि त्यांनाही सोडतीतूनच जावं लागतं. आमदाराने चिठ्ठी देऊन दुसऱ्याला घर वाटायचा कोटा त्या तक्त्यात नाही. सरकारी छापील कागदावर 'आरक्षण' असं वाचलं की समोरच्याला वाटतं, असेल बाबा काहीतरी आतली सोय.

मग त्याने घर दाखवलं. विरारकडच्या एका सरकारी वसाहतीत, सातव्या मजल्यावर. वॉचमनने त्याला ओळखून मान हलवली, लिफ्ट चालू होती, दाराचं कुलूप त्याने स्वतःच्या जुडग्यातल्या किल्लीने उघडलं. आत भिंतींना रंग, स्वयंपाकघराचा ओटा धुतलेला, खिडकीला मात्र कुणाचा तरी जुना पडदा. ताईने पडद्याबद्दल विचारलंच. 'आधीच्या विजेत्याने ताबा घेतला होता, हप्ते थकले म्हणून रद्द झालं,' हे उत्तर तयार होतं. खरी गोष्ट अशी की ते घर रीतसर मिळालेल्या एका कुटुंबाचं होतं. त्यांना ते भाड्याने द्यायचं होतं आणि हा माणूस भाड्याचा एजंट म्हणून त्यांच्याकडून किल्ली घेऊन आला होता. तेच घर त्याने किमान चार कुटुंबांना दाखवलं आहे. त्या घरमालकांना याची गंधवार्ताही नव्हती. किल्ली आणि वॉचमनची ओळख म्हणजे घरावरचा अधिकार नव्हे. ते घर आज कुणाच्या नावावर आहे हे सोसायटीच्या ऑफिसात किंवा शेजारच्या दारात विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळण्यासारखं होतं. नेमकं तेच होऊ नये म्हणून तो आम्हाला दुपारी घेऊन गेला, ऑफिस बंद असताना, आणि 'कोट्याचं काम आहे, इथे कुणाशी बोलू नका' असं लिफ्टमध्येच बजावलं.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. 'फाइल लावायला' पंचवीस हजार रोख. 'घर ब्लॉक करायला' दोन लाख, एका बाईंच्या बचत खात्यात. या म्हाडातल्या मॅडम, असं त्याने सांगितलं होतं. हातात देकार पत्र, म्हणजे घर मिळाल्याचं म्हाडाचं पत्र, ठेवलं त्या दिवशी तीन लाख, पुन्हा रोख. शेवटी 'पंतप्रधान आवासचे अडीच लाख वळते करून घ्यायला' एक लाख.

या अडीच लाखांबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण हीच रक्कम ऐकून माणसं तयार होतात. पंतप्रधान आवास योजनेच्या भागीदारीतल्या घरांसाठी केंद्राचे दीड लाख आणि राज्य सरकारचे एक लाख, असं मिळून अडीच लाखांचं अनुदान अत्यल्प गटाला मिळत आलेलं आहे. ते पात्र लाभार्थ्याच्या घराच्या किमतीतून कमी होतं. ते 'सोडवून' आणावं लागत नाही आणि त्यासाठी आधी कुणाला काही द्यावं लागत नाही. १ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात कर्जावरच्या व्याजाची सवलत आहे, जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची. ती पाच वार्षिक हप्त्यांत थेट कर्जखात्यात जमा होते. याच टप्प्यात भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचाही भाग आहे, आणि त्याच्या नावाने आता 'सरकार तुमचं घरभाडं भरणार, नोंदणी करा' असे मेसेज फिरताहेत. ताईच्या चाळीत दोघींनी त्यासाठी फॉर्मचे पैसे भरले. तो भाग भाड्याची घरं उभी करण्यासाठी आहे, तुमच्या-माझ्या खात्यात दरमहा भाडं टाकण्यासाठी नाही.

आता ते देकार पत्र. जाड कागद, वर मंडळाचं नाव आणि बोधचिन्ह, निळ्या शाईने हाताने लिहिलेला जावक क्रमांक, खाली गोल शिक्का आणि इंग्रजी सही. सदनिका क्रमांक आम्ही पाहिलेल्या घराचाच. भाषासुद्धा अस्सल सरकारी, 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की'. त्यात दोन गोष्टी मात्र नव्हत्या. अर्ज क्रमांक नव्हता आणि योजनेचा संकेत क्रमांक नव्हता. खऱ्या सोडतीत या दोन आकड्यांशिवाय कागद पुढे सरकत नाही. शिवाय २०२३ पासूनच्या नव्या पद्धतीत कागदपत्रांची पडताळणी सोडतीआधीच ऑनलाइन होते आणि पत्रंही अर्जदाराच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये येतात. चहाच्या टपरीवर, पाकिटातून, कुणाच्या हातून येत नाहीत.

बिंग फुटलं ते बँकेत. उरलेल्या रकमेसाठी भाऊजींनी गृहकर्जाची चौकशी केली आणि ते पत्र दाखवलं. तो माणूस कर्जाच्या सक्त विरोधात होता. 'बँक पत्र लिहून विचारते, कोटा उघडा पडतो, त्यापेक्षा गावची जमीन विका' असं त्याने सुचवलं होतं. बँकेतल्या अधिकाऱ्यांनी पत्र उलटसुलट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'अर्ज क्रमांक कुठाय?' दुसऱ्या दिवशी आम्ही वांद्र्याला, कलानगरच्या गृहनिर्माण भवनात गेलो. तिथे तपासून लगेच सांगितलं की असं पत्र निघालेलंच नाही आणि त्या घराचा ताबा केव्हाच दुसऱ्यांना दिलेला आहे. लेखी तक्रार दक्षता विभागाकडे द्या, असंही सांगितलं. म्हाडाने घरं देण्यासाठी कुणीही एजंट, दलाल किंवा सल्लागार नेमलेला नाही, ही ओळ त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत असते. ताई तिथेच खुर्चीत बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पोलीस ठाण्यात खरी अडचण पुढे आली. रोख तीन लाख घेताना त्याने पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून दिलं होतं, 'तुमच्या सुरक्षिततेसाठी'. त्यात म्हाडा हा शब्द नव्हता, घर हा शब्द नव्हता. 'हातउसनी रक्कम म्हणून घेतली, सवडीने परत करीन' एवढंच. ते वाचून साहेब म्हणाले, हा तर उसनवारीचा व्यवहार दिसतोय, दिवाणी कोर्टात जा. त्या कागदाचं कामच ते होतं. आम्ही मात्र खोटं देकार पत्र, बँकेचा उतारा, त्याचे व्हॉट्सअॅपवरचे आवाजी मेसेज आणि म्हाडाकडे दिलेल्या तक्रारीची पोच, असं सगळं पुन्हा घेऊन गेलो. भाऊजींचा तो सहकारी आणि आणखी दोन कुटुंबंही सोबत आली. सरकारी पत्राची बनावट समोर ठेवल्यावर 'उसनवारी' टिकली नाही. फसवणुकीचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), आणि बनावट दस्तऐवजाची कलमं लावून गुन्हा दाखल झाला. आवाजी मेसेज जपून ठेवायची बुद्धी माझ्या भाच्याला झाली, नाहीतर रोख रकमेचा पुरावाच नव्हता.

ज्यांचे पैसे नुकतेच ऑनलाइन गेले असतील त्यांनी आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करावा. पुढच्या खात्यात पैसे अजून पडून असतील तर ते गोठवता येतात, पण वेळ फार थोडा असतो. आमचे दोन लाख जमा झाले त्याच दिवशी काढून घेतलेले होते. आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही. तपास चालू आहे. त्याला अटक झाली आणि जामीनही मिळाला.

तुमच्याकडे माणूस आला असेल आणि खरंखोटं ठरवायचं असेल, तर त्याच्या माहितीवरून ठरवू नका. माहिती त्याची चोख असते. पैसे कुणाच्या खात्यात मागतोय ते बघा. म्हाडाच्या अर्जाचं शुल्क ५०० रुपये अधिक जीएसटी, आणि अनामत रक्कम, दोन्ही संकेतस्थळावर स्वतः भरायची असतात. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना ते पाहून घ्या, कारण हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळंही निघालेली आहेत. घराची किंमत म्हाडाच्या खात्यात जाते आणि मुद्रांक शुल्क सरकारी चलनाने. मुद्रांक शुल्कासाठी त्याने आमच्याकडे एका बाईंचा यूपीआय नंबर पाठवला होता. आपल्या कष्टाचा पैसा एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर किंवा हातावर ठेवायला सांगितला, की बाकीचं काहीही तपासत बसू नका, तिथेच नाही म्हणा. तो आमदाराचा फोटो दाखवो, मंत्रालयाचा पास दाखवो, नाहीतर किल्ली.

आणि ज्यांनी आधीच पैसे दिलेत त्यांच्यासाठी. जामिनावर सुटल्यावर तो भाऊजींच्या त्या सहकाऱ्याला भेटला. 'पत्रात नावाची चूक राहिली आहे, मूळ प्रत द्या, दुरुस्त करून आणतो, पैसेही आठवड्यात देतो,' असं म्हणाला. मूळ प्रत त्याला हवी आहे, कारण गुन्ह्याचा तोच पुरावा आहे. ती कुणालाही परत देऊ नका. चार झेरॉक्स काढा, मूळ प्रत पोलिसांकडे पंचनाम्यात जमा करा आणि पोच घ्या. पैसे परत करायचे असतील तर ते तो तुमच्या खात्यातही टाकू शकतो, त्यासाठी त्याला पत्र लागत नाही.