दाबोळी ते मोपा टॅक्सी: ड्रायव्हर एक नंबर, बुकिंगवाले बोगस

भाच्याने तिकीट काढलं, दोन्हीकडे 'गोवा' बघून खूश झाला. उतरायचं गोव्यातल्या दाबोळी विमानतळावर (तिकिटावरचा कोड जीओआय) आणि पुढचं मुंबईचं विमान दुसऱ्या, मोपा विमानतळाहून (कोड जीओएक्स)! मोपा जानेवारी २०२३ ला सुरू झालं तेव्हापासून हा घोळ लय जणांचा होतो. मध्ये साठेक किलोमीटर आहेत राव, चालत जायचं टर्मिनल नाही ते. म्हणून घाईत टॅक्सी बुक केली. फोनवरची बाई म्हणाली 'पाऊण तासात पोचाल', कसलं काय, झुआरी पूल पटकन पार झाला पण पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामात असे अडकलो की पुढच्या टेम्पोतल्या शहाळ्यांचे घड मोजून झाले, आई मागून सारखी 'रे, विमान थांबात काय?' विचारत होती. म्हापसा सुटल्यावर रस्ता मोकळा, एकूण पावणेदोन तास. ड्रायव्हरदादा शांत, बॅगा त्यांनीच उतरवल्या. पण ऑफिसवाल्यांनी ट्रॅफिकचे ३०० वेटिंग म्हणून वर लावले, ते पटलं नाही. तीन स्टार. सावंतवाडी-बांद्याकडच्यांनी तर सरळ मोपाचंच तिकीट बघा, दाबोळीच्या नादी लागू नका.