पाच वर्षांचं लॉ की आधी मास मीडिया, मग एलएलबी?

कायदा आणि पत्रकारिता दोन्ही शिकायचं असेल, तर महाराष्ट्रात बारावीनंतर मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, सीईटी देऊन थेट पाच वर्षांचं बीए एलएलबी. दुसरी, तीन वर्षांचं मास मीडिया (मुंबई विद्यापीठाचं जुनं बीएमएम, आताचं बीएएमएमसी) आणि त्यावर तीन वर्षांचं एलएलबी. पहिल्या वाटेत एक वर्ष वाचतं. बऱ्याच घरांत निर्णय तेवढ्यावरच होतो, आणि तो मला घाईचा वाटतो.

बार कौन्सिलच्या (वकिली आणि कायद्याचं शिक्षण यांचे नियम ठरवणारी संस्था) नियमांनुसार पाच वर्षांच्या कोर्समधून नुसती बीए घेऊन मध्येच बाहेर पडता येत नाही. तिसऱ्या वर्षी कळलं की आपला जीव बातमीत आहे, तरी पुढे रेटावं लागतं. मास मीडियाची पदवी मात्र स्वतंत्र हातात पडते. न्यूजरूममध्ये दोनेक वर्षं काढून मग एलएलबीला येता येतं. मात्र एलएलबीला खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान 45 टक्के लागतात, तेव्हा इंटर्नशिपच्या धावपळीत मार्कांकडे दुर्लक्ष नको.

मास मीडियात माध्यम कायद्यांचा पेपर असतो. बदनामी, न्यायालयाचा अवमान यांची ओळख होते, पण कोर्टाची बातमी करायला ती पुरत नाही. सुनावणीत न्यायमूर्ती सरकारी वकिलांना फैलावर घेतात, लगेच चॅनेलवर ‘कोर्टाचे ताशेरे’ अशी पट्टी फिरते. संध्याकाळी आदेश अपलोड होतो, तर त्यात ते वाक्यच नाही, फक्त पुढची तारीख! जामीन देताना नोंदवलेलं प्रथमदर्शनी मतही निकाल म्हणून छापलं जातं, आणि त्यात एखाद्याची अब्रू जाते. तोंडी शेरा, आदेश आणि निकाल यांतला फरक ओळखायची नजर प्रक्रियेचे कायदे आणि मूट कोर्ट (कॉलेजातला सरावाचा खटला) यांतूनच येते.

सनदेबद्दल, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याबद्दल, मात्र फार कमी बोललं जातं. सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. वृत्तपत्रांसाठी मजकूर कायद्याच्या दृष्टीने तपासून देणं, मर्यादेत राहून लिहिणं याला बार कौन्सिलच्या नियम 51 मध्ये वाव आहे. पण पत्रकारिताही करणाऱ्या एका वकिलाचं प्रकरण डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात होतं, तेव्हा वकिलाने पूर्णवेळ पत्रकारिता करण्याला बार कौन्सिलने तिथे स्पष्ट विरोध केला. पदव्या दोन घ्या, पूर्णवेळ पेशा एकच निवडावा लागेल.

म्हणून कोर्टात उभं राहायचं असेल, तर पाच वर्षांचं घ्या. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज ही जुनी ठिकाणं आहेत. लिहिणं कॉलेजात असतानाही चालू ठेवता येतं, नंतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी पत्रकारितेचं एमए आहेच. कोर्टाचं वार्तांकन किंवा माध्यमसंस्थेच्या लीगल विभागातली नोकरी हवी असेल, तर सहा वर्षांची वाट माझ्या मते सरस.

फॉर्म भरण्याआधी एक दिवस जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. बहुतेक सुनावण्या खुल्या असतात. रात्री त्यातल्या एकीची दोनशे शब्दांत बातमी लिहून पाहा.