फोल्डस्कोप घ्यावा का? जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेल्या बाईचा अभिप्राय

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. कांद्याची साल सोलून वॉचग्लासमध्ये ठेवायची, पेशी रंगवायच्या सॅफ्रॅनिनच्या बाटल्या भरायच्या, प्रात्यक्षिक संपलं की स्लाइडी धुऊन पुसून ठेवायच्या, पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवायचा, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर फोल्डस्कोप नावाचा कागदी सूक्ष्मदर्शक घेतला, आणि आता ओळखीतले शिक्षक आणि पालक विचारतात की घ्यावा का. घ्यावा. पण तो काय दाखवतो हे आधी समजून घेतलं नाही तर आठवड्याभरात खणात जाऊन पडेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वस्तू अशी आहे. पाण्याने न भिजणाऱ्या, सहज न फाटणाऱ्या जाड कागदाचे छापील भाग येतात. खुणा बघून घड्या घालायच्या, एकात एक अडकवायचे, आणि मधल्या खाचेत काचेच्या इवल्याशा गोल मण्याचं भिंग बसतं. हेच त्याचं एकमेव भिंग. नेहमीच्या फोल्डस्कोपचं वर्धन १४० पट, आणि साधारण २ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतरावरचे दोन ठिपके तो वेगळे दाखवू शकतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी तो तयार केला. प्रकाश मूळचे मेरठचे, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत बसतो हे त्यांनी दाखवलं होतं. विकत मिळणारा संच अर्थातच त्याहून महाग पडतो. पुढे आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही शाळा-महाविद्यालयांपर्यंत तो पोचवण्याचा कार्यक्रम हाती घेतला, त्यामुळे काही शिक्षकांनी तो पाहिलेला असेल.

वापरायची सवय करावी लागते. प्रयोगशाळेतला नेहमीचा, एकाहून जास्त भिंगांचा कंपाउंड मायक्रोस्कोप टेबलावर स्थिर असतो. हा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे तोंड करायचं आणि डोळा इतका जवळ न्यायचा की भुवई कागदाला टेकली पाहिजे. चष्मा काढून ठेवा. सूर्याकडे थेट धरायचा नाही, हे मुलांना दर वेळी बजावून सांगा. अंगठ्याने पट्टी हळू सरकवली की फोकस होतो. दिसणाऱ्या गोलाचा मधला भाग लख्ख असतो आणि कडा धूसर. गोल भिंगाचा स्वभावच तो. एक गोष्ट मला फार आवडली. कंपाउंडमध्ये चित्र उलटं दिसतं, स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं आणि नवखी मुलं गांगरतात. इथे एकच भिंग असल्याने चित्र सुलटं राहतं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या प्रयोगशाळेत मुलांनी ज्या पेशी पाहिल्या, त्या रंगवलेल्या, म्हणजे बहुतेक मेलेल्या होत्या. चाळीस मिनिटांचा तास, रांगेत उभं राहून एकेकाने डोळा लावायचा, आणि आकृती मात्र पुस्तकातली काढायची. पेशीभित्तिका, केंद्रक, रिक्तिका, तीन बाण, तीन नावं, वहीवर सही. पेशी काही काम करते, हे पाहायला वेळच मिळत नसे. फोल्डस्कोपचं खरं मोल इथे आहे. तो स्वस्त आहे, खिशात मावतो, आणि एकाच पेशीकडे अर्धा तास बघत बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुरुवात कांद्याने करू नका, रिओने करा. वरून हिरवी आणि खालून जांभळी पानं असलेलं हे झाड पुष्कळ अंगणांत, बसस्टँडच्या कुंड्यांत असतं. पान तिरकं फाडलं की फाटलेल्या कडेला जांभळा पातळ पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप लावा. रंग घालायची गरजच नाही, कारण रंग पेशीने स्वतः रिक्तिकेत, म्हणजे आतल्या रसाच्या पिशवीत, साठवलेला आहे. जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या बहुकोनी पेशी दिसतात आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे रक्षक पेशींची हिरवट जोडी, मधोमध पर्णरंध्राची, म्हणजे पानाच्या हवेच्या छिद्राची, फट. काही वेळा सुयांसारखे बारीक स्फटिकही दिसतात. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे. त्या रसाने काहींच्या हाताला खाज सुटते, तेव्हा नंतर हात धुवा.

मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद लावायचा. पाणी आतून ओढलं जातं. स्लाइड परत खाचेत सरकवा आणि थांबा. काही मिनिटांत जांभळा रंग आधी पेशीच्या कोपऱ्यांतून सुटतो, मग भिंतीपासून आत सरकतो, आणि शेवटी प्रत्येक चौकटीत एक आक्रसलेला गर्द गोळा उरतो. भिंत जागच्या जागी. पुस्तकात याला रससंकोच म्हणतात. बाहेर मीठ जास्त म्हणून आतलं पाणी बाहेर गेलं. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते याच कारणाने.

पण मी मुलांना इथे थांबू देत नाही. त्यांना विचारते, पाणी बाहेर गेलं तर रंग का नाही गेला? तोही पाण्यातच विरघळलेला आहे की. इथे पेशीचं सगळं मर्म आहे. भिंतीतून मिठाचं पाणी सहज आत शिरतं, भिंत कोणाला अडवत नाही. अडवतं ते तिच्या आतलं प्रद्रव्यपटल, म्हणजे पेशीचं पातळ आवरण, आणि रिक्तिकेभोवतीचं पटल. पाणी जाऊ द्यायचं, रंगद्रव्य धरून ठेवायचं, मीठ सहजी आत येऊ द्यायचं नाही. ही पटलं इतकी पातळ की प्रकाशाच्या कुठल्याच साध्या सूक्ष्मदर्शकातून त्यांची जाडी दिसायची नाही, पण त्यांचं काम डोळ्यांपुढे चाललेलं असतं.

त्याच स्लाइडवर आता साध्या पाण्याचा थेंब सोडून मिठाचं पाणी टिपून काढा. शेजारची सहावीतली मुलगी इथे श्वास रोखून बसली होती. "आजी, परत फुगतील का हो?" फुगतात. गोळा हळूहळू पसरत भिंतीला जाऊन टेकतो. नंतर तिलाच सांगितलं, दुसरा एक तुकडा उकळत्या पाण्यात बुडवून आण. त्यातला रंग पाण्यात उतरला होता, पापुद्रा फिका पडला होता, आणि मीठ घालूनही काही आक्रसलं नाही. जिवंत पटल आणि मेलेलं पटल यांतला फरक तिला कोणी शब्दांत सांगावा लागला नाही. इतक्या वर्षांत आमच्या प्रयोगशाळेत हा उकळलेला तुकडा कोणी शेजारी ठेवला नव्हता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा नमुना हायड्रिला, ही पाण्यातली वनस्पती. मत्स्यालयाच्या दुकानात याची जुडी मिळते. शेंड्याजवळचं कोवळं पान घ्या. ते जेमतेम दोन पेशींच्या थरांचं असतं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. आधी थोडा वेळ उजेडात, कोमट पाण्यात ठेवा. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर फोकस करा. हिरव्या दाण्यांसारखी हरितलवकं (क्लोरोप्लास्ट) दिसतील. नजर न हलवता बघत राहा. एखाद्या पेशीतले दाणे भिंतीच्या कडेकडेने एकामागोमाग सरकत असतात, कोपऱ्यावर वळतात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. अशी एक पेशी सापडली की शेजारच्याही सापडतात. काही पानांत काहीच हलत नाही, तेव्हा दुसरं पान घ्या, धीर सोडू नका.

हे दाणे स्वतः पोहत नाहीत. पेशीचा मधला सगळा भाग रिक्तिकेने व्यापलेला, त्यामुळे पेशीद्रव्याचा पातळ थर कडेला असतो आणि तो थरच वाहत असतो. ॲक्टिनच्या तंतूंवरून मायोसिन नावाची प्रथिनं ओझं ओढत चालतात आणि सगळं पेशीद्रव्य त्यांच्यासोबत फिरतं. आपल्या स्नायूंचं आकुंचनही याच दोन प्रथिनांवर चालतं. या चालीला इंधन एटीपी नावाच्या रेणूचं, आणि ते बनवण्याचं मोठं काम तंतुकणिकांचं (मायटोकॉन्ड्रिया). फोल्डस्कोपमध्ये तंतुकणिका दिसत नाही. पण तिच्या इंधनावर चाललेली वाहतूक दिसते, आणि बारावीच्या मुलाला हे एकदा दाखवलं की "तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र" हे वाक्य त्याला घोकावं लागत नाही.

तिसरा प्रयोग गवताच्या पाण्याचा. वाळलेलं गवत तळ्याच्या पाण्यात काही दिवस ठेवलं की वास मारू लागतं आणि त्यात पॅरामिशियम नावाचे एकपेशीय जीव वाढतात. ते इतके जोरात पळतात की सुरुवातीला चिडचिड होते. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका, त्यांत अडकून ते सावकाश होतात. मग शरीरात एक फिकट ठिपका फुगतो आणि फटकन नाहीसा होतो, पुन्हा फुगतो. ही संकोची रिक्तिका. गोड्या पाण्यात राहणारा हा जीव, भिंत नाही, त्यामुळे बाहेरचं पाणी सतत आत येत राहतं आणि त्याला ते उपसत राहावं लागतं. रिओनंतर हे दाखवलं की मुलं कारण आपण होऊन सांगतात.

गालाच्या आतल्या पेशी मिळतात, पण त्या पारदर्शक असल्याने मेथिलिन ब्लूशिवाय शोधू नका. कांद्याची साल सौम्य आयोडीनमध्ये छान दिसते, केंद्रक कडेला ढकललेलं ओळखू येतं. यीस्ट म्हणजे बारीक गोल ठिपके.

आता काय दिसत नाही. दह्यातले जिवाणू नीट दिसत नाहीत. रायबोझोम, अंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुलाच्या चकत्या या पेशीच्या आतल्या इवल्या भागांची तर बातच नको. पालक पुस्तकातली रंगीत आकृती घेऊन बसतात आणि मुलाला विचारतात, यातलं काय काय दिसलं? त्या आकृतीतले बारकावे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने मिळालेले आहेत. रायबोझोम २० ते ३० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). साध्या प्रकाशाच्या उत्तमातल्या उत्तम सूक्ष्मदर्शकालाही साधारण २०० नॅनोमीटरच्या खालचे तपशील वेगळे करता येत नाहीत. म्हणजे लाख रुपयांचा सूक्ष्मदर्शक आणला तरी ती आकृती त्यात दिसणार नाही. ही अपेक्षा मनातून काढून टाका, मग फोल्डस्कोपवर अन्याय होणार नाही.

बारावीच्या प्रात्यक्षिकासाठी मात्र तो पुरेसा नाही. कांद्याच्या मुळाच्या टोकातलं समसूत्री विभाजन, गुणसूत्रांची मांडणी, यांसाठी ४०० पट वर्धनाचा कंपाउंड लागतोच. अंबाल्याच्या बनावटीचे विद्यार्थी सूक्ष्मदर्शक शाळांना परवडतात, ते ठेवाच. ज्या शाळेत दोन कंपाउंड आणि साठ मुलं आहेत, तिथे त्यांच्या जोडीला फोल्डस्कोपचा वर्गसंच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी तर आधी फोल्डस्कोप.

एका भिंगाला कमी लेखू नका. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी कंपाउंडमधून बुचाच्या कापात ज्या पेशी पाहिल्या, त्या रिकाम्या भिंती होत्या, आतलं जिवंत काही उरलेलं नव्हतं. डेल्फ्टचे कापड व्यापारी लेव्हेनहूक यांनी १६७० च्या दशकात तळ्याच्या पाण्यातले एकपेशीय जीव पळताना पाहिले, ते स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून.

मोबाइलला जोडायची सोय चुंबकाच्या कड्यामुळे होते. हायड्रिलाचं चित्रीकरण करून मोठ्या पडद्यावर दाखवलं की मागच्या बाकापर्यंत पोचतं. पण आधी प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्याने बघावं. मोबाइल पुढे आला की मुलं पेशी सोडून कॅमेऱ्याशीच खेळतात.

खरेदीबद्दल एवढंच. डबा, चिमटा, दिवा असा सगळा सरंजाम असलेला संच भेट द्यायला चांगला. घरच्या वापराला साधा संच पुरतो. काचेच्या स्लाइडी आणि कव्हरस्लिपची डबी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून वेगळी आणा, आयोडीन औषधांच्या दुकानात मिळतं. चिमटा शिवणाच्या डब्यातला चालतो. भिंगाला बोट लावू नका. धूळ बसली तर मऊ सुती कापडाने अलगद टिपा. रिओची फांदी कोणाकडूनही मागून कुंडीत खोचा, पावसाळ्यात हमखास जगते.